फोटोत कोण आणि फोटो कुणाचा

शिर्डीत नगर-मनमाड रस्त्यावर उतरून मंदिराकडे चालायला लागलात, की वाटेत बाबांचे किती फोटो दिसतात ते मोजून बघा. पाच मिनिटांत मोजणं सोडून द्याल. रसवंतीच्या गाड्यावर, मेडिकलच्या काउंटरमागे, रिक्षाच्या काचेवर, पेढ्यांच्या बॉक्सवर, अगरबत्तीच्या पुड्यावर, लॉजच्या बोर्डवर, मोबाइलच्या कव्हरवर. एकाच माणसाची एवढी चित्रं एका गावात असतील, तर त्या गावाची चित्रांकडे बघायची एक स्वतःची रीत तयार होते. मला त्या रीतीबद्दल लिहायचं आहे, कारण तिचा परिणाम आता बाबांच्या फोटोपुरता राहिलेला नाही. लॉजची खोली, थाळीचं हॉटेल, टॅक्सीवाल्याची इनोव्हा, फुलांच्या हारांचं दुकान अशा सगळ्यांच्या फोटोंना ती लागू झाली आहे. कुणी तरी फोटो काढतं, दुसराच धंदा तो उचलून स्वतःच्या नावाखाली लावतो आणि विचारलं तर मनापासून आश्चर्य वाटून म्हणतो, "त्यात काय झालं? फोटोच तर आहे."

आधी बाबांच्या चित्रांकडेच नीट बघू. साईबाबांचं देहावसान १५ ऑक्टोबर १९१८ चं. त्यांच्या हयातीत काढलेले फोटो मोजकेच आहेत. त्यांतली सगळ्यात प्रसिद्ध मुद्रा तुम्हाला डोळे मिटूनही दिसेल: दगडावर बसलेले, उजवा पाय डाव्या गुडघ्यावर, डोक्याला फडकं, अंगात कफनी. मूळ कृष्णधवल फोटोत तो एक वय झालेला, उन्हातान्हात राहिलेला फकीर आहे. पुढे छापखान्यांनी या फकिराला गुलाबी गाल दिले, डोक्यामागे प्रभावळ लावली, कफनी भगवी किंवा पांढरीशुभ्र केली, पाठीमागे कधी आकाश तर कधी मंदिराचा कळस आणला. मुद्रा मात्र बदलली नाही. बाकी सगळं बदललं तरी पायावरचा पाय तसाच राहिला, म्हणून आपल्याला ते चित्र ओळखू येतं.

द्वारकामाईत श्यामराव जयकरांनी काढलेलं बाबांचं मोठं तैलचित्र आहे. समाधी मंदिरातली संगमरवरी मूर्ती मुंबईचे शिल्पकार बाळाजी वसंत तालीम यांची. १९५४ च्या विजयादशमीला तिची स्थापना झाली. मूर्ती घडवताना तालमांकडे आधाराला एक कृष्णधवल फोटो होता, असं शिर्डीत सांगतात. म्हणजे कुणीतरी कॅमेऱ्याने टिपलेली प्रतिमा, तिच्यावरून दुसऱ्याची कलाकृती आणि त्या कलाकृतीचे पुन्हा लाखो फोटो, अशी ही साखळी आहे. तिच्यातल्या चित्रकाराचं नाव माहीत आहे, शिल्पकाराचंही माहीत आहे. फोटो काढणाऱ्याचं नाव मात्र आजवर एकाही फ्रेमखाली छापलेलं मला दिसलेलं नाही.

हे आज घडलेलं नाही. गोविंद रघुनाथ दाभोलकर, म्हणजे हेमाडपंत, यांच्या साईसच्चरितात एका तसबिरीची गोष्ट आहे. १९१७ ची होळी पौर्णिमा. बाबा स्वप्नात येऊन 'आज जेवायला येतो' म्हणतात. घरात पानं वाढली जातात आणि ऐन जेवणाच्या वेळी अली महंमद आणि इस्मू मुजावर हे दोघे बाबांची तसबीर घेऊन दारात उभे राहतात. पुढच्या अध्यायात कळतं, की ती तसबीर अली महंमद यांनी मुंबईत रस्त्यावरच्या विक्रेत्याकडून विकत घेतलेली होती. म्हणजे बाबा शिर्डीत हयात असताना मुंबईच्या रस्त्यावर त्यांच्या तसबिरी विकल्या जात होत्या. आज मंदिराबाहेर दिसणारा धंदा तेव्हाच सुरू झाला होता.

ही गोष्ट मी भक्त म्हणून ऐकलेली. लिहायच्या निमित्ताने पुन्हा वाचली तेव्हा एक गोष्ट जाणवली. ती तसबीर मूळ कुणी केली, कुणी छापली, विक्रेत्याकडे कुठून आली, यातला एकही प्रश्न गोष्टीत कुणालाच पडत नाही. पडायचं कारणच नाही, कारण तसबीर आली म्हणजे बाबा आले. त्याच अध्यायात उलट्या बाजूचा प्रसंगही आहे. तसबिरींची पूजा धर्माला धरून नाही म्हणून घरातल्या संतांच्या तसबिरी समुद्रात टाकायला पाठवल्या जातात आणि बाबांची तेवढी भिंतीवर राहते. पूजा करणारे आणि बुडवायला निघालेले या दोघांचं एका मुद्द्यावर एकमत आहे: तसबिरीत खरोखर कुणीतरी आहे. पूजणारे म्हणून पूजतात, बुडवणारे म्हणून घाबरतात. ती तसबीर कुणाच्या तरी हातांनी घडवलेली वस्तू आहे, तिच्यामागे कुणाचं कसब आणि खर्च आहे, हा विचार दोन्हीकडे नाही.

यालाच मी शिर्डीची रीत म्हणतो. इथे फोटोला विचारायचा प्रश्न एकच: फोटोत कोण आहे? कायदा नेमका दुसरा प्रश्न विचारतो: फोटो काढला कुणी? दर्शनासाठी पहिला प्रश्न पुरतो. धंद्यात फक्त तोच विचारला, की कुणाचं तरी नुकसान होतं.

माझ्या मावशीचं शिर्डीत अकरा खोल्यांचं लॉजिंग आहे. तीन वर्षांपूर्वी तिने खोल्यांचे फोटो नीट काढून घ्यायचं ठरवलं. राहात्याचा, एरवी लग्नाचे फोटो काढणारा एक मुलगा सकाळी सहालाच आला. पूर्वेच्या खिडकीतून ऊन आत यायची वाट बघत बसला, पलंग दोनदा सरकवला, बाथरूममधली निळी बादली बाहेर ठेवायला लावली. त्यातल्या एका फोटोत खिडकीच्या गजांची सावली पांढऱ्या चादरीवर तिरकी पडली आहे. खोली आहे तेवढीच लहान दिसते, पण स्वच्छ आणि उजेडाची दिसते. मावशीने त्याला चार हजार रुपये दिले आणि फोटो एका बुकिंग ॲपवर टाकले.

सात-आठ महिन्यांनी रात्री साडेअकराला नांदेडहून आलेलं पाच जणांचं एक कुटुंब मावशीच्या दारात उभं. हातात मोबाइल, मोबाइलवर तोच गजांच्या सावलीचा फोटो. बुकिंग मात्र दोन गल्ल्या सोडून असलेल्या दुसऱ्याच लॉजचं. तिथली खोली बघून ते बाहेर पडले होते आणि फोटो दाखवत विचारत फिरत होते. एका पानटपरीवाल्याने खिडकी ओळखली आणि त्यांना इकडे पाठवलं. मावशीकडे एकही खोली रिकामी नव्हती. दोन म्हातारी माणसं आणि झोपलेलं पोर घेऊन ते कुटुंब काउंटरसमोरच्या सतरंजीवर रात्रभर टेकलं.

सकाळी मावशी त्या लॉजवर गेली. मालक चिडला नाही, उलट त्याने चहा मागवला. म्हणाला, "काकू, फोटोला काय मालक असतो का? बाबांच्या गावात सगळं बाबांचंच." मावशीला उत्तर सुचलं नाही. मला हे तिने फोनवर सांगितलं तेव्हा मलाही लगेच सुचलं नाही, कारण वाक्य ऐकायला चांगलं आहे. पहिल्या दोन शब्दांत ते खोटं बोलतं आणि शेवटच्या तीन शब्दांत नमस्कार करून मोकळं होतं.

त्याचं म्हणणं खूप जुनं आहे. १८८२ मध्ये ऑस्कर वाइल्ड अमेरिकेच्या दौऱ्यावर गेला तेव्हा न्यूयॉर्कचा छायाचित्रकार नेपोलियन सरोनी याने त्याचे फोटो काढले. बरो-जाइल्स नावाच्या छपाई कंपनीने त्यातल्या एका फोटोच्या ८५,००० प्रती छापल्या, सरोनीला न विचारता. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. कंपनीचा बचाव असा, की कॅमेरा हे यंत्र, समोर जे आहे ते त्याने उतरवलं, यात निर्मिती कुठे आहे? १८८४ मध्ये न्यायालयाने हा बचाव फेटाळला. वाइल्डला कसं बसवायचं, कोणते कपडे, कोणता पडदा, उजेड कुठून, चेहऱ्यावर कोणता भाव, हे सरोनीने ठरवलं होतं. त्या ठरवण्यात निर्मिती आहे, असं न्यायालय म्हणालं. राहात्याच्या मुलाने सरकवलेला पलंग आणि बाहेर ठेवलेली बादली मला याच यादीत बसवावीशी वाटते.

आपला १९५७ चा कॉपीराइट कायदा याहून एक पाऊल पुढे आहे. त्याच्या व्याख्येत छायाचित्र ही कलाकृती आहे, मग तिच्यात कलात्मक गुण असोत वा नसोत. कायद्याच्या भाषेत इतकी उदार ओळ क्वचित सापडते. रघू राय यांचा फोटो आणि अकरा खोल्यांच्या लॉजचा फोटो यांत कायदा पंक्तिभेद करत नाही. हक्क मिळवायला नोंदणी करावी लागत नाही, फोटो काढला त्या क्षणी तो हक्क जन्मतो. एक उणेपण मात्र बरीच वर्षं होतं. फोटोला प्रकाशनापासून ६० वर्षंच संरक्षण होतं, चित्राला मात्र चित्रकाराच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं. २०१२ च्या दुरुस्तीने तो भेद काढून टाकला. कॅमेरेवाला हा ब्रशवाल्याचा धाकटा भाऊ नाही, हे लिहून घ्यायला आपल्याला एकविसावं शतक उजाडावं लागलं.

मग मावशीच्या खोलीचा फोटो कुणाचा? इथे कायदा एक बारीक वाटणी करतो. कर्ता तो मुलगा, कारण बटण त्याने दाबलं. पण पैसे देऊन कुणाच्या सांगण्यावरून फोटो काढला असेल आणि वेगळा करार नसेल, तर हक्काची पहिली मालक पैसे देणारी व्यक्ती. म्हणजे मावशी. फोटो उचलला म्हणून तक्रार करायचा हक्क तिचा. तरीही आपलं नाव कर्ता म्हणून सांगायचा आणि विकृत वापराला हरकत घ्यायचा नैतिक हक्क त्या मुलाकडे राहतो. फोटोत खोली, फोटो काढणारा मुलगा, फोटोची मालकीण मावशी. दोन गल्ल्यांपलीकडचा लॉजवाला या वाटणीत कुठेच येत नाही.

बाबांची गोष्ट वेगळी आहे, आणि ती वेगळी का आहे हे समजून घेतलं तर 'सगळं बाबांचंच' या वाक्याला उत्तर सापडतं. त्यांच्या हयातीत काढून तेव्हाच छापले-विकले गेलेले फोटो केव्हाच हक्कमुक्त झाले आहेत. ते खरंच सगळ्यांचे आहेत. सार्वजनिक ठिकाणी कायम उभ्या असलेल्या शिल्पाचा फोटो काढला, छापला तर तो हक्कभंग नाही, अशी सूटही कायद्यातच आहे. देवळात मोबाइल नेऊ देत नाहीत तो मंदिराचा नियम. त्याचा कॉपीराइटशी संबंध नाही. अगरबत्तीच्या एका व्यापाऱ्याला 'रामायण' हे नाव ट्रेडमार्क म्हणून हवं होतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये सांगितलं, की धर्मग्रंथाचं नाव एकट्याच्या मालकीचं होऊ शकत नाही. जे सगळ्यांचं आहे ते कुणा एकाच्या दुकानात कोंडता येत नाही, हे कायदा मानतो. लॉजवाला याच तत्त्वाची उलटी बाजू वापरत होता. जे एकाचं आहे ते सगळ्यांचं म्हणायचं आणि मग स्वतःच्या दुकानात नेऊन लावायचं.

मधल्या पट्ट्यात गंमत आहे. मूळ फोटो मोकळा असला तरी त्यावरून कुणी आज नव्याने काढलेलं चित्र मोकळं असेलच असं नाही. महात्मा गांधींच्या फोटोंवरून आर्य या चित्रकाराने एक व्यक्तिचित्र केलं होतं आणि दुसऱ्या प्रकाशकाने ते छापलं. मद्रास उच्च न्यायालयाचा त्यावरचा निवाडा १९६१ च्या निवाडासंग्रहात आहे. आधार फोटोंचा असला तरी चित्रकाराची भर ही त्याची स्वतंत्र निर्मिती ठरली. म्हणून पेढ्यांच्या बॉक्ससाठी इंटरनेटवरून बाबांचं 'कुठलं तरी' चित्र उतरवून घेताना, फकीर सगळ्यांचा असला तरी त्याच्यामागचं ते निळं आकाश, ती प्रभावळ, तो कफनीचा रंग एखाद्या जिवंत चित्रकाराचा असू शकतो. आणि त्याला त्या महिन्याचं घरभाडं भरायचं असू शकतं.

पण पैसे बुडणं हे या प्रकरणातलं मुख्य नुकसान आहे, असं मला वाटत नाही. बाबांचा फोटो दुकानात लावणारा माणूस त्या फोटोतून म्हणतो, "हे बाबा आहेत." ते खरं आहे. लाख प्रती काढल्या तरी खरंच राहतं. खोलीचा फोटो लावणारा म्हणतो, "तुम्ही इथे झोपणार आहात." मावशीच्या पानावर हे वाक्य खरं होतं, दोन गल्ल्या सोडून तेच वाक्य खोटं झालं, फोटोतला एक ठिपकाही न बदलता. धंद्याचा फोटो ही साक्ष असते. गिऱ्हाईक नांदेडला बसून त्या साक्षीवर पैसे भरतं. दुसऱ्याचा फोटो लावणं म्हणजे दुसऱ्याच्या साक्षीदाराला आपल्या खटल्यात उभं करणं.

आणि साक्षीदार एकदा खोटा ठरला, की तो मूळ मालकाच्याही कामाचा राहत नाही. त्या लॉजवर कुणीतरी फोटोसकट परीक्षण लिहिलं: फोटो बघून फसू नका. चिडलेल्या माणसाने बरोबरच लिहिलं होतं. पण ज्या फोटोवर त्याने लाल फुली मारली तो मावशीचा होता. पुढचे दोन-तीन महिने फोन यायचे, "तुमच्या फोटोवर फसवणुकीचं लिहिलंय, खरी खोली कशी आहे?" मावशीला आपल्याच खोलीचा व्हिडिओ कॉल करून आपलाच फोटो खरा आहे हे सिद्ध करावं लागायचं. तिचे फक्त फोटो गेले नव्हते, खरं बोलायचं साधन गेलं होतं.

हाच प्रकार मोठ्या प्रमाणावर झाला की त्याला सायबर गुन्हा म्हणतात. एप्रिल २०२५ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाच्या भारतीय सायबर गुन्हे समन्वय केंद्राने तीर्थक्षेत्रांच्या बनावट बुकिंगबद्दल इशारा दिला. केदारनाथचं हेलिकॉप्टर, चारधामची अतिथिगृहं, सोमनाथचं अतिथिगृह अशी उदाहरणं त्यात होती. खरी वाटणारी वेबसाइट, तिच्यावर व्यवस्थित दिसणारे फोटो, आगाऊ पैसे, आणि नंतर बंद फोन. शिर्डीसारख्या गावात, जिथे येणारा माणूस श्रद्धेने येतो आणि रात्री-अपरात्री पोचतो, तिथे उचललेल्या फोटोची किंमत कोण भरतं हे सांगायला नको.

आता माझ्या म्हणण्याची दुसरी बाजू. 'फोटो काढला कुणी' हा कायद्याचा प्रश्न पुरेसा आहे का? मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे एक याचिका आली. ओळखीच्या एका छायाचित्रकाराने एका स्त्रीचा फोटो काढला आणि तिच्या परवानगीशिवाय शटरस्टॉकवर टाकला, अशी तिची तक्रार होती. तिथून तो महाराष्ट्रासह अनेक राज्य सरकारांच्या, राजकीय पक्षांच्या आणि खासगी संस्थांच्या जाहिरातींत पोचला. प्रथमदर्शनी हा व्यापारी गैरवापर दिसतो, असं म्हणून न्यायालयाने संबंधितांना नोटिसा काढल्या. इथे फोटो काढणारा कोण हे स्पष्ट आहे. कॉपीराइटच्या हिशेबात तो कदाचित मालकही असेल. तरीही आपलं मन म्हणतं, की काहीतरी चुकलं आहे, कारण फोटोत असलेल्या बाईला कुणी विचारलंच नाही. तिचा चेहरा योजनेची लाभार्थी म्हणून होर्डिंगवर उभा राहिला. चेहरा तिचा, साक्ष मात्र दुसऱ्याच्या तोंडची.

अरिजित सिंग यांनी २०२४ मध्ये आणि आशा भोसले यांनी २०२५ मध्ये याच न्यायालयातून आपला आवाज आणि ओळख वापरण्याविरुद्ध अंतरिम संरक्षण मिळवलं. मिळायलाच हवं होतं. पण प्रसिद्ध माणसाच्या चेहऱ्याला बाजारात किंमत असते, म्हणून तो चोरीला गेला हे दाखवणं सोपं जातं. गावातल्या बाईचा चेहरा जाहिरातवाल्यांनी उचलला तो नेमका ती कुणीच नाही म्हणून. तिच्यासाठी स्पष्ट, सुटसुटीत कायदा आपल्याकडे अजून नाही. शिर्डीची रीत, फोटोत कोण आहे हे आधी बघायची, इथे कायद्यापेक्षा शहाणी ठरते. मला ती रीत टाकून द्यायची नाही. तिच्या शेजारी दुसरा प्रश्न ठेवायचा आहे, आणि धंद्याच्या फोटोला तिसरा: हा फोटो बघून कोण कशावर विश्वास ठेवणार आहे?

मी पोटासाठी सॉफ्टवेअर लिहितो, म्हणून या प्रकरणात आमच्या जमातीचा वाटा सांगायला हवा. फोटोच्या फाइलमध्ये चित्राबरोबर माहितीही असते: कॅमेरा कोणता, तारीख, वेळ, आणि भरलं असेल तर छायाचित्रकाराचं नाव, हक्कदाराचं नाव. ही सोय जुनी आहे. पण तोच फोटो व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवला, की आकार कमी होतो आणि ही माहिती गळून पडते. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर टिकते. असं किती जण पाठवतात? अनेक ॲप अपलोड होताना हेच करतात. लोकेशनसारखी खासगी माहिती उघडी पडू नये म्हणून ती काढणं योग्यही आहे. पण लोकेशन काढताना नाव ठेवता आलं असतं. ते ठेवायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही, कारण कुठल्याही मीटिंगमध्ये त्या नावाच्या बाजूने कुणी बसलेलं नव्हतं. ज्या विस्मरणाला शिर्डीत शंभर वर्षं लागली, ते आम्ही एका डिफॉल्ट सेटिंगमध्ये बसवलं.

म्हणून असं प्रकरण तुमच्यावर आलं तर काय करायचं हे आम्ही केलेल्या क्रमाने सांगतो. भांडायला जाण्याआधी पुरावा जमवा. चोरलेला फोटो दिसतो त्या पानाचा पूर्ण स्क्रीनशॉट घ्या, त्यात लिंक आणि तारीख दिसली पाहिजे. मूळ फाइल, न कापलेली, कॅमेऱ्यातून आली तशी शोधा. मूळ फाइल ज्याच्याकडे असते त्याचं म्हणणं टिकतं. फोटोग्राफरला दिलेल्या पैशांची पावती किंवा यूपीआयची नोंद ठेवा. गूगल लेन्समध्ये फोटो टाकून तो आणखी कुठे आहे ते बघा. मावशीचा सात ठिकाणी निघाला. गजांच्या सावलीने काम सोपं केलं, कारण एकाच कोनातली सावली दोन वेगळ्या खोल्यांत एकाच सुरकुतीवर पडत नाही.

मग लेखी कळवा: हा फोटो माझा, हा पुरावा, अमुक दिवसांत काढा. ऐकलं नाही तर ॲपकडे किंवा वेबसाइटकडे तक्रार करा. कॉपीराइट नियमांनुसार, इंटरनेटवर दुसऱ्याचा मजकूर ठेवणाऱ्या मध्यस्थाने रीतसर तक्रार मिळाल्यावर ३६ तासांत त्या फोटोपर्यंतची वाट बंद करायची असते. मात्र २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश आणला नाही, तर तो फोटो पुन्हा दिसू देण्याची त्याला मुभा आहे. दावा आपण जिथे राहतो किंवा धंदा करतो तिथल्या जिल्हा न्यायालयात करता येतो, चोराच्या गावी जावं लागत नाही. जाणूनबुजून केलेला हक्कभंग हा गुन्हाही आहे, सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख दंडाचा. तो दखलपात्र असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं. फोटोवरचं हक्कदाराचं नाव मुद्दाम पुसणं हा वेगळा गुन्हा आहे. तुमच्या फोटोवर भुलून कुणाचे पैसे गेले असतील, तर त्या माणसाला लगेच १९३० वर फोन करायला सांगा. आणि हक्क आपला आहे याची खात्री नसताना धमक्या देऊ नका. बिनबुडाच्या धमकीविरुद्ध समोरच्यालाही न्यायालयात जाता येतं.

आमच्या सातपैकी चार ठिकाणचे फोटो उतरले. बुकिंग ॲपने दोन दिवसांत काढला. दोन पानांचे मालक कोण हेच कळलं नाही. दोन गल्ल्या सोडून असलेल्या लॉजने लेखी नोटीस मिळाल्यावर काढला, कुरकुरत. राहात्याच्या मुलाला हे सगळं कळलं तेव्हा तो म्हणाला, चोरीचं वाईट वाटलं, पण आपला फोटो सात जणांना चोरावासा वाटला याचं थोडं बरंही वाटलं. मावशीने आता त्या फोटोंखाली कोपऱ्यात त्याचं नाव आणि लॉजचं नाव टाकून घेतलं आहे. त्यामुळे चोरी थांबेल असं नाही, नाव कापता येतं. पण त्या नावावरून त्याला कोपरगावच्या दोन हॉटेलांचं काम मिळालं.

बाबांच्या फ्रेम विकणाऱ्यांकडे माझं एक मागणं आहे. जयकरांच्या चित्राची प्रत असेल तिथे खाली 'चित्र: श्यामराव जयकर' एवढं छापा, मूर्तीच्या फोटोखाली तालमांचं नाव छापा, आणि मूळ फोटो असेल तिथे 'छायाचित्रकार अज्ञात' असं छापा. भक्तांना त्याने काही कमी पडणार नाही. ज्याचं नाव हरवलं, त्याच्यासाठी निदान एक रिकामी जागा तरी राहील.